देगुईच्या दाराकडे रोखलेला आरसा

मी एक जुना पितळी आरसा आहे. पण मित्रांनो, केस विंचरायला मला कधी कोणी हातात घेतले नाही. मी दाराच्या वर टांगला जातो. समोरून चालून येणारे वाईट आल्या वाटेने परत धाडायचे, हेच माझे काम.

चीनमधल्या फूच्येनच्या किनाऱ्यावर एका तांबटाने मला घडवले. आठ कोनांच्या लाकडी चौकटीत बसवून कडेने रेघा कोरल्या. मग भगताने कोंबड्याच्या तुऱ्याचे रक्त माझ्या कपाळी लावले आणि मला न्यायला आलेल्या बाईला विचारले, "कुणाच्या समोर लावणार?"

"ज्यानं माझा नवरा समुद्रात टाकला, त्याच्या," ती म्हणाली.

तिचे नाव पिनमेइ. तिचा नवरा आणि समोरच राहणारा देगुई यांची भागीत होडी होती. एका वादळात देगुई एकटाच परतला. नवऱ्याच्या कमरेला बांधलेली होडीची दोरी तुटली, असे त्याने सांगितले. होडीला उरलेला दोरीचा तुकडा पिनमेइने स्वतः पाहिला होता. तुटलेली दोरी झुबक्यासारखी उसवते. हे टोक सरळ होते, सुरीने कापल्यासारखे. पण बाईमाणसाचे कोण ऐकणार? पुढे देगुईने नवे घर बांधले आणि त्याच्या छपराचे टोक भाल्यासारखे तिच्या उंबऱ्यावर रोखले गेले. तेव्हा त्या टोकावरून येणारे वाईट परतवायला तिने मला आणले.

रोज सकाळी ती स्टुलावर चढायची, व्हिनेगरच्या फडक्याने मला लख्ख पुसायची आणि हळूच म्हणायची, "ज्याचं त्याला परत दे."

मी दिले. दुपारचे ऊन झेलून मी ते सरळ देगुईच्या ओसरीत फेकायचो. तो जेवायला बसला की त्याच्या डोळ्यांत, आडवा झाला की पापण्यांवर. त्याची डुकरे मेली, बायको रुसून माहेरी गेली. गल्लीतले लोक माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, "आरसा भारी आहे हं!" मी अभिमानाने फुगायचो. खोटे कशाला बोलू, असा आनंद मला दुसऱ्या कशात मिळाला नाही.

देगुईने माझ्यासमोर माझ्याहून मोठा आरसा टांगला. पिनमेइ नुसती हसली आणि मला आणखी जोराने घासू लागली.

शेवटी तो आमच्या दारात आला. गाल बसले होते, डोळे लाल होते.

"वहिनी, तो आरसा उतरवा."

"का हो भावजी? आरसा काही पदरचं देत नाही. तुमच्या घरातून काही वाईट येत नसेल, तर परत काय जाणार?"

"मला झोप नाही, वहिनी."

"मग ज्यानं झोप जाते, ते ओकून टाका. इथं नाही. देवळासमोर, सगळ्यांच्या देखत."

समुद्रदेवीच्या पालखीच्या दिवशी, सगळा गाव जमला असताना, देगुई पायऱ्यांवर गुडघे टेकून बसला. लाटेने भागीदार बाहेर फेकला गेला होता, त्याच्या ओढीने होडी कलंडत होती, म्हणून दोरी आपणच कापली, असे तो म्हणाला. "तो माझं नाव घेऊन ओरडत होता," एवढे बोलून तो रडू लागला. पिनमेइ रडली नाही. गल्लीतल्या एकाही दाराने त्याला पुन्हा पाण्याचा घोट दिला नाही. आठवड्याच्या आत तो गाव सोडून गेला. मी त्याच्या पाठीवर ऊन टाकत राहिलो, वळण येईपर्यंत.

पुढचे मात्र माझ्या मनासारखे झाले नाही. पिनमेइने मला पुसणे सोडले. माझ्यावर धूळ बसली, कडा हिरव्या पडल्या. सूड उगवून देणाऱ्याची ही किंमत!

समोर देगुईची म्हातारी आई एकटी उरली. ती उंबऱ्यात बसून मासे वाळवायची आणि दुपारी माझी तिरीप आली की हात डोळ्यांवर धरायची. हिरवा पडलो तरी तेवढी धार माझ्यात होती. एकदा पिनमेइने ते पाहिले.

"काकू, आत बसा की!"

"आत अंधार आहे गं, पोरी. आणि इथून वाट दिसते. तो आला तर..."

पिनमेइने स्टूल आणले. मला वाटले, पुसायला आली. पण तिने माझी खालची कड पुढे ओढली, मागे लाकडाची पाचर ठोकली आणि माझे तोंड आभाळाकडे केले. मला फार राग आला. तेव्हापासून मी ढग पाहतो.

मित्रांनो, वस्तूंना जपा, एवढीच विनंती. आम्हाला एकदा सांगितलेले आम्ही विसरत नाही. तुमचा राग ओसरला, म्हणून आमचा ओसरत नाही. मागची ती पाचर आता कुजली आहे. एका वाऱ्यात ती निसटेल आणि माझे तोंड पुन्हा खाली वळेल. म्हातारी अजून तिथेच बसते. म्हणून म्हणतो, कोणीतरी वर चढा आणि पाचर बदला. मला स्वतःचा भरवसा नाही.