इर्मा नावाचं दार

कॅनडातल्या सास्काटूनमधल्या आमच्या ऑफिसात इमारतींचे नकाशे कॉम्प्युटरवर काढले जातात. दार हवं असलं की तयार दारांच्या संग्रहातलं एक उचलायचं आणि भिंतीत बसवायचं. वीस वर्षांत प्रत्येकाने आपापलं दार बनवून त्यात टाकलं होतं, जुनं कुणीच काढलं नव्हतं. ती साफसफाई माझ्याकडे आली आणि मी लगेच शेफारले.

सोमवारच्या बैठकीत मी यादी मोठ्या पडद्यावर लावली. एकसारखी दिसणारी एक्केचाळीस दारं, त्यातली निम्मी वेंडेल क्लासनची. वेंडेल आमच्यातला सगळ्यांत जुना, वसंतात निवृत्त होणार होता. एका दाराचं नाव होतं, 'इर्मा, काढू नका'.

"वेंडेल, ही इर्मा कोण रे? बायकोला माहीत आहे का?"

सगळे हसले. वेंडेलचे कान लाल झाले. ते दार राहू दे, एवढंच तो म्हणाला. दिसायला बाकीच्यांसारखंच तर आहे, असं म्हणून मी त्याला उडवून लावलं आणि दुपारी एक्केचाळीसांच्या जागी माझं एकच दार ठेवलं. आमचा मालक लॉर्न याने माझी पाठ थोपटली.

फेब्रुवारीत वृद्धाश्रमाच्या बांधकामावरून फोन आला. अकरा न्हाणीघरांत कडीशेजारची भिंत इतकी जवळ आली होती की चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला आतून दार ओढताच येईना. भिंती पाडाव्या लागणार होत्या. नकाशावर नाव वेंडेलचं होतं.

मी गुपचूप संग्रहाची जुनी प्रत उघडली. इर्माच्या कडीशेजारी खुर्चीला लागणाऱ्या मोकळ्या जागेचा एक न दिसणारा चौकोन होता. भिंत त्याच्यात शिरली की पडद्यावर दार लाल व्हायचं. माझ्या दाराला तो चौकोनच नव्हता. माझ्या साफसफाईनंतर, डिसेंबरात, वेंडेलने नकाशात भिंत सरकवली, दार लाल झालं नाही, म्हणून तो निर्धास्त राहिला.

बैठकीत लॉर्नने विचारलं तेव्हा वेंडेल म्हणाला, "नकाशा माझा. मी मापून बघायला हवं होतं."

मी कॉफीच्या कपात बघत बसले. मला सगळं ठाऊक होतं आणि माझं तोंड उघडलं नाही. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत त्याच्या टेबलापाशी जाऊन मी कबूल केलं. त्याला ते आधीच कळलेलं होतं.

"इर्मा माझी बायको," तो म्हणाला. "मीच नकाशा काढलेल्या सभागृहात उद्घाटनाच्या दिवशी ती स्वच्छतागृहात अडकली. चाकाच्या खुर्चीत बसून चाळीस मिनिटं. मी लोकांना सांगितलं, कडी खराब आहे. ती गेली, तरी मी खरं कुणाला सांगितलं नाही."

"म्हणून माझ्यासाठी गप्प राहिलास?"

"तुझ्यासाठी नाही गं. माझं जुनं कबूल करायचं राहिलं होतं."

सोमवारी सगळ्यांसमोर सांगेन, असं मी म्हटलं. आजच का नाही, हे त्याने विचारलं नाही. लॉर्नची खोली वीस पावलांवर होती.

सोमवारी मी त्याच पडद्यावर ते एकच दार लावलं आणि काय काढलं, का काढलं, कुणाला हसले, सगळं सांगितलं. कुणी मान वर केली नाही. माझ्या समोरची खुर्ची रिकामी होती. वसंताची वाट न बघता शुक्रवारीच वेंडेल आपलं सामान घेऊन कायमचा घरी गेला होता.