फू लोमची बंद दारं

“काप्तान, खाली कालचीच खूण आहे.”

रॉय हॅनिगनने विमान कलतं करून स्वतः बघितलं. फू लोमच्या डोंगरमाथ्यावर पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या फुलीसारख्या अंथरलेल्या होत्या. आज गोल हवा होता. खूण रोज ठरल्याप्रमाणे बदलायची, आणि चुकीची दिसली तर तांदळाची पोती न टाकता माघारी फिरायचं, असा आमच्या विमान कंपनीचा नियम. गाव शत्रूने घेतलं की पट्ट्या बदलायला माहीतगार माणूस उरत नाही. मागच्याच महिन्यात एकाने काणाडोळा केला आणि माणसांसकट विमान गेलं.

“कुणी दिसतंय का?”

“माणूस नाही, धूर नाही. चला परत.”

“आठवडाभर ढगांनी येऊ दिलं नाही, खामसिंग. खात काय असतील?”

खरंच होतं ते. डोंगरातल्या या ह्मोंग लोकांची शेतं लढाईने केव्हाच गिळली होती. वरून तांदूळ पडला तरच चूल पेटायची. पण मी पडलो सखल भागातला लाओ माणूस. माझी नोकरी पोती ढकलायची, मरायची नव्हे. रॉयने विमान आणखी खाली घेतलं तेव्हा मी मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. तेवढ्यात मला घरांची दारं दिसली.

“दारांना हिरवा पाला खोचलाय, काप्तान. यांची पाळणूक असते तेव्हा असं करतात. त्या दिवशी कुणी उंबऱ्याबाहेर पाय टाकत नाही. म्हणून पट्ट्या तशाच राहिल्या असतील.”

“सगळ्या घरांची एकाच दिवशी?”

पाळणूक एखाद्या घराची असते. अख्ख्या गावाची मी कधी ऐकली नव्हती.

“ते नाही ठाऊक. पण पाला ताजा आहे.”

त्याने पुन्हा एकदा दारांकडे बघितलं. मग म्हणाला, “ढकल.”

तीन फेऱ्यांत सगळी पोती गेली. गोळी आली नाही, पण माणूसही बाहेर आला नाही. एरवी पोतं जमिनीला टेकायच्या आत पोरं धावत सुटायची. परतीच्या वाटेवर रॉय म्हणाला, “खामसिंग, आपण मेलेल्यांना तर वाढून नाही ना आलो?”

संध्याकाळी कंपनीने त्याला कामावरून काढलं. नियम तो नियम.

आता कुठे जाणार हा? मूळचा ऑस्ट्रेलियातला, पण आईबाप गेले होते, बायकोने दुसरं घर केलं होतं. सुट्टीतसुद्धा तो राजधानी वियांगचान सोडायचा नाही. बाजारामागच्या खोलीत राहायचा, आणि कोपऱ्यावरच्या टपरीत एकटाच बसून शेवयांचा रस्सा प्यायचा. मी किती वेळा जेवायला बोलावलं, “बघू” म्हणायचा. मला राग यायचा त्याचा. एवढं एकटं राहण्यात कसला आलाय मोठेपणा?

दुसऱ्या दिवशी एका जखमीला आणायला मी नव्या वैमानिकाबरोबर फू लोमला उतरलो. मुखिया न्या तोंग हसतच सामोरा आला. “तुमचा तांदूळ आधी डुकरांनी चाखला. आम्ही बसलो फटीतून बघत.”

माझं डोकंच फिरलं. “निदान पट्ट्या तरी बदलायच्या होत्या, मुखिया. तुमच्या पाळणुकीपायी माझ्या काप्तानच्या पोटावर पाय आला.”

त्याचं हसू मावळलं. “पाळणूक त्याच्यासाठीच होती.”

“म्हणजे?”

“मागे उतरला होता तेव्हा आमच्यापासून लांब, विमानाच्या पंखाखाली बसून राहिला. घासही घेतला नाही. आमची म्हातारी भगतीण म्हणाली, याचा जीव वाट चुकलाय कुठेतरी. म्हणून कोंबडं कापून जीवाला हाक मारली. मग त्या माणसाच्या घराने दिवसभर दार लावून बसायचं असतं. आता त्याचं घर कुठलं, कुणालाच ठाऊक नाही. मग सगळ्यांनीच लावला पाला.”

मी दारांवरच्या सुकत आलेल्या पाल्याकडे बघितलं.

“त्याने स्वतः मात्र तीन दिवस घरात बसायला हवं,” मुखिया म्हणाला, “नाहीतर आलेला जीव दारातूनच फिरतो. एवढं सांग त्याला.”

मी परतलो तेव्हा रॉय विमानतळावर बाकड्यावर बॅग घेऊन बसला होता. मी धापा टाकत सगळं सांगितलं.

“म्हणजे जिवंत आहेत सगळे?”

“जिवंत आहेत. डुकरं तर चांगली सुटलीत.”

तो हसला, आणि हसता हसता रडायला लागला. बाहीने डोळे पुसत राहिला.

“खोली सोडलीत ना?” मी म्हणालो. “मग आमच्याकडे चला. आज ‘बघू’ म्हणालात तर बॅग नदीत फेकीन.”

तो आला. माझी बायको मानीवान आजवर त्याला ‘तो घुम्या’ म्हणायची. तिने काही न विचारता पेरूची फांदी तोडून दाराला खोचली. पहिल्या दिवशी तो पाहुण्यासारखा अवघडून बसला. तिसऱ्या दिवशी तिच्याशेजारी बसून लसूण सोलत होता, आणि ती त्याला साल जाड काढतो म्हणून बोलत होती.

कुंपणापलीकडून शेजारीण ओरडली, “अगं, दाराला पाला कशाला? कोण आजारी आहे?”

“आजारी कुणी नाही,” मानीवान म्हणाली. “आमचे थोरले भावजी आलेत.”

रॉयला आमची भाषा चांगली कळायची. त्याने मान वर केली नाही, नुसता लसूण सोलत राहिला.

चौथ्या दिवशी सकाळी तो बॅग घेऊन विमानतळाकडे निघाला. दारात वाकून पायात बूट चढवले, मानीवानकडे बघितलं आणि घरच्या माणसासारखं “येतो” म्हणाला.

तो पुन्हा आला नाही; कुठे गेला, तेही आम्हाला कधी कळलं नाही.