फिर माघारी

एकतीस डिसेंबरला सकाळी सोजरबाई गोठ्यात शेण काढत होती. कुडाच्या पलीकडं तिचा मुलगा युवराज चुलतभावाशी दबक्या आवाजात बोलत होता.

"उद्या अकराच्या एस्टीनं उतरंल ती. घरापतूर येऊच द्यायची न्हाय. फाट्यावरनंच गाडीत घालायची."

"आन् आलीच न्हाय तर?"

"येतीया की. आबा शेवटचे हायत म्हनून रेश्माकडनं सांगावा धाडलाय. रेश्मा तर रडायलाच लागली."

"आन् गाडीत घातल्यावर?"

युवराज यावर काहीच बोलला नाही. सोजरबाई घमेलं हातात धरून तशीच उभी राहिली. तो काहीतरी बोलला असता, शिव्या दिल्या असत्या, तरी तिला एवढी भीती वाटली नसती.

ज्यांचं शेवटचं चाललंय असं सांगितलं होतं ते आबासाहेब, तिचे मालक, ओसरीवर बसून कालवणात भाकरी कुस्करत होते. साधा खोकलासुद्धा नव्हता त्यांना. त्यांनी सोजरबाईकडं पाहिलं आणि मान खाली घातली. त्यांनाही सगळं ठाऊक आहे, हे तिला तेव्हा कळलं.

वैष्णवी तिची एकुलती एक मुलगी. सोलापुरात होस्टेलवर राहून शिकली आणि दोन वर्षांपूर्वी नंदीश नावाच्या मुलाशी लग्न करून निघून गेली. नंदीश ट्रकच्या गॅरेजात कामाला होता, जात वेगळी होती. युवराजनं देवळासमोर चार माणसांत सांगितलं होतं, दिसली की जिवंत ठेवणार नाही. तेव्हापासून घरात तिचं नाव निघत नव्हतं. ती कुठं राहते हे कुणालाच माहीत नव्हतं. तिचा नंबर फक्त रेश्माकडं होता. रेश्मा तिची कॉलेजातली मैत्रीण, वळसंगला राहायची. सोजरबाईची वस्ती तिथून दोन किलोमीटरवर होती.

सोजरबाईनं शेजारच्या शिवम्माला गाठलं आणि तिच्या मोबाईलवरून रेश्माला फोन लावला. फोन बंद होता. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग दोघी चालत वळसंगला गेल्या. रेश्माच्या घराला कुलूप होतं.

"देवाला गेलीत समदी," शेजारीण म्हणाली. "उद्या सांजच्याला येतील."

सोजरबाई तिथंच पायरीवर बसली. उद्या संध्याकाळी येऊन काय उपयोग होता?

"अक्का," शिवम्मा म्हणाली, "ते रेडिओचं हाय न्हवं? आज वर्षाचा शेवटचा दिवस हाय."

सोजरबाई एकदम उभी राहिली. सोलापुरातल्या जुळे सोलापूर भागात एका कॉलेजचं छोटं रेडिओ केंद्र होतं. दर एकतीस डिसेंबरला दुपारी चार ते सहा तिथं लोक फोन करायचे, आपलं आवडतं गाणं सांगायचे आणि सरलेलं वर्ष कसं गेलं ते बोलायचे. वैष्णवी होस्टेलवर असताना दरवर्षी फोन करायची. आता तो कार्यक्रम मोबाईलवर कुठंही ऐकता यायचा. गेल्या वर्षी शिवम्माच्या फोनवर दोघी चोरून ऐकत होत्या, तेव्हा निवेदिकेनं नाव नसलेला एक निरोप वाचला होता. 'माझं आवडतं गाणं कुठल्याच सिनेमात नाही. ते आई विहिरीवर म्हणायची. या वर्षी मी भाकरी करायला शिकले, पण तिच्यासारखी फुगत नाही.' सोजरबाई तेव्हा पदर तोंडात कोंबून रडली होती.

पोर ऐकते, एवढं नक्की होतं. आजही ऐकेल का, ते कुणी सांगावं?

शिवम्मानं कार्यक्रमाचा नंबर लावून पाहिला. लोक आधीपासूनच फोन लावत असावेत, तो सतत बिझी लागत होता. दोन वाजून गेले होते. "तू जा," शिवम्मा म्हणाली. "घरी इच्यारलं तर सांगते, डोळ्याच्या डाक्टरकडं गेलीस म्हनून." तिनं कनवटीची शंभराची नोट सोजरबाईच्या मुठीत कोंबली आणि तिला वडापच्या जीपमध्ये बसवून दिलं.

जीप भरल्याशिवाय ड्रायव्हर हलेना. सोजरबाई दर मिनिटाला विचारत होती, "निगायचं का?" शेवटी तो वैतागला. "मावशी, एवढी घाई असंल तर कालच निगायचं की!" सोलापुरात उतरून तिनं रिक्षा केली. रिक्षावाल्याला पत्ता समजेना, तिला सांगता येईना. 'गाण्याचं रेडिओ, कॉलेजचं' एवढंच ती म्हणत राहिली. तीन ठिकाणी विचारून ते पोचले तेव्हा सव्वाचार झाले होते. कार्यक्रम सुरू झाला होता.

दाराशी राजशेखर नावाचा तंत्रज्ञ होता. त्यानं अडवलं. "मावशी, फोन करायचा असतो. आत येता येत नाही."

"फोन लागत न्हाय, दादा. माजी लेक मरंल. मला आत जाऊ दे."

तिचा चेहरा बघून तो बाजूला झाला. लागोपाठ दोन-तीन गाणी लावलेली होती, तेवढ्यात निवेदिका भार्गवी बाहेर आली. तिशीची, डोक्यावर हेडफोन सरकवलेला. सोजरबाईनं तिला उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सांगताना तिनं भार्गवीचं मनगट घट्ट धरलं होतं आणि ते तिच्या ध्यानातही नव्हतं.

"मावशी, आधी पोलिसांना फोन करू," भार्गवी म्हणाली आणि तिनं लावलाही. पलीकडच्या माणसानं नीट ऐकून घेतलं. मुलीचा पत्ता काय, नंबर काय, कुठून निघणार? सोजरबाईला यातलं काहीच सांगता येईना. उद्या अकराला फाट्यावर गाडी पाठवतो, असं त्यांनी सांगितलं.

"पन आदीच कुटंतरी धरली तर?" सोजरबाई म्हणाली. "ती निगायलाच नको, ताई. हितनंच सांगायला पायजे तिला."

"मग मी थेट सांगते. वैष्णवी, येऊ नकोस."

"नको, नको! नाव नको. युवराजचे दोस्त ऐकत्यात. त्याला कळलं की पोरीला ठावं झालंय, तर तो दुसरं काय तरी करंल. मलाच बोलू द्या. मी एक बाई म्हनून बोलते. आमच्या रानातल्या विहिरीचं गाणं म्हनते."

"गाणं?"

सोजरबाई म्हणाली, "पोरीच्या लहानपनी मालक लई मारायचे. पट्टा घिऊन दारात बसायचे. ती शाळंतनं यायच्या टायमाला मी विहिरीवर जाऊन मोट्यानं वव्या म्हनायची. बांधावर तिला ऐकू गेलं की ती घरी न येता शिवम्माकडं जायची. ती वळखंल."

 भार्गवीनं तिला आत नेलं, खुर्चीवर बसवलं आणि माईक तिच्या तोंडाजवळ ओढला.

आधी लागलेला एक फोन तिनं घेतला; एक पेन्शनर होते, वेणीमाधवराव. बायको गेल्यावर या वर्षी आपण पहिल्यांदा एकट्यानं दिवाळीचा फराळ केला, चकल्या मोडल्या, पण केला, असं ते सांगत होते. त्यांनी बायकोच्या आवडीचं एक भजन मागितलं. भजन संपेपर्यंत सोजरबाई हात जोडून बसली होती. लाल दिवा लागला आणि भार्गवीनं तिच्याकडं बघून मान हलवली.

"आज आपल्याकडं एक मावशी थेट स्टुडिओत आल्यात. मावशी, कसं गेलं वर्ष?"

सोजरबाई नुसती माईककडं बघत राहिली.  काचेपलीकडं राजशेखरनं हात उंचावून बोला, बोला अशी खूण केली.

"बरं गेलं," ती म्हणाली. "घरात समदी ठनठनीत हायत. आमचे मालक तर लई ठनठनीत. आज सकाळी दोन भाकरी खाऊन रानात गेले. कुनी काय बी सांगितलं तरी त्यांना कायसुदिक झालेलं न्हाय."

"आणि या वर्षात काही राहून गेलं का?" हा प्रश्न भार्गवी सगळ्यांनाच विचारायची.

सोजरबाईनं हे ठरवलेलं नव्हतं. "राहिलं की," ती म्हणाली. "तोंड उगडायचं राहिलं. ह्याच वर्षी न्हाय, तीस वर्सं राहिलं. माज्या म्होरं मारलं लेकराला, आन् मी चुलीम्होरं बसून राहिले. आडवी गेले न्हाय. निस्ती गाणी म्हनत बसले."

 "आवडतं गाणं कुठलं, मावशी?" भार्गवीनं विचारलं.

सोजरबाईनं डोळे मिटले आणि गळा मोकळा सोडून म्हटलं:

"पाण्याला निघाली, माझी साळुंकी लाडकी
विहिरीत न्हाय पाणी, फिर माघारी ग लेकी

घागर असू दे रिकामी, बांध नको गं वलांडू
डोळ्यांतलं पाणी बाई, वाटंवर नको सांडू"

दुसऱ्या ओवीला तिचा आवाज फाटला. ती पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागली. भार्गवीनं तिला थांबवलं नाही. तिनं दोन्ही ओव्या चार वेळा म्हटल्या.

सहा वाजेपर्यंत सोजरबाई बाहेरच्या बाकावर बसून होती. भार्गवी दर थोड्या वेळानं येऊन फोन दाखवायची. लोकांचे निरोप येत होते, मावशींचा आवाज आवडला, गाणं पुन्हा लावा. तिनं ते आणखी एकदा लावलं. पण जिचा निरोप यायला हवा होता तिचा आला नाही.

"ऐकलं असंल का हो?" सोजरबाई विचारत होती.

"माहीत नाही, मावशी," भार्गवी खरं ते बोलली. परत जायला तिनं स्वतः स्कूटरवरून जीपपर्यंत सोडलं आणि आपला नंबर कागदावर लिहून दिला. सोजरबाईनं तो पोलक्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी साडेदहालाच ती फाट्यावर गेली. युवराजची गाडी लिंबाच्या सावलीत उभी होती. त्यानं आईला पाहिलं आणि तो चिडून खाली उतरला. "तू हितं कशाला?"

"बसले हाय. रस्ता काय तुजा हाय?"

असं ती त्याच्याशी कधीच बोलली नव्हती. थोड्या वेळानं पोलिसांची एक जीप येऊन पलीकडच्या चहाच्या टपरीजवळ थांबली. युवराज जाऊन गाडीत बसला. अकराची एस्टी सव्वाअकराला आली.  उतरू नको, ती मनात म्हणत होती, उतरू नको. एक म्हातारा उतरला. दोन बायका उतरल्या. मग निळ्या ओढणीची एक पोरगी पाठमोरी उतरली आणि सोजरबाई किंचाळत पुढं धावली. पोरीनं दचकून मागं पाहिलं. ती दुसरीच कुणी होती.

एस्टी निघून गेली. सोजरबाई रस्त्याकडेला मातीत बसली.

दुपारी युवराजला मित्राकडून रेडिओचं कळलं. तो घरात आला तो थेट स्वयंपाकघरात. "तू गायलीस?"

"व्हय. मीच."

त्यानं हात उगारला. ती मागं सरली नाही. "मार," ती म्हणाली. "पन मग मी गप बसनार न्हाय. पोलीस काल बी ऐकून घेत हुते, आज बी घेतील." युवराजचा हात तसाच राहिला. आबासाहेब ओसरीवरून उठून आले, दोघांच्या मध्ये उभे राहिले आणि मग पुन्हा जाऊन बसले. त्या दिवशी घरात चूल पेटली नाही.

संध्याकाळी शिवम्माच्या घरी रेश्मा आली. डोळे सुजलेले. तिनं सोजरबाईचे पाय धरले. "काकी, मला काय म्हाईत, खोटं हाय म्हनून! मीच तिला ये म्हनलं."

"ती कुटं हाय?"

"घरीच हाय. ब्याग भरून बसली हुती. पहाटंच निगनार हुती. काल तुमचं गाणं ऐकलं आन् तिथंच खाली बसली. रातभर नंदीशनं तिला धरून ठेवलं म्हनं. आबांना काय झालं असंल तर, आईला काय केलं तर, असंच इच्यारत हुती. माजा फोन आता लागला तवा बोलली." रेश्मानं फोन पुढं केला. "घ्या काकी. नंबर लावते. बोला तिच्यासंगं. तुमी बी नंबर लिहून ठेवा."

सोजरबाईनं हात पुढं केला, बोटं फोनला लागलीही. मग तिनं हात मागं घेतला.

"नको."

"काकी, ती वाट बगतीया."

"बगू दे. बोलले तर ती कुटं हाय ते इच्यारल्याबिगर ऱ्हावनार न्हाय. मला पत्ता, नंबर ठावा झाला की त्यो घरात आला म्हनून समज. आज युवराजनं मारलं न्हाय, उद्या मारंल, आन् मार खाऊन माज्या तोंडनं निगून जाईल. तिला सांग, आई बरी हाय. आन् हितं कदी येऊ नको म्हनावं. मी मेले असं कुनी सांगितलं तरी येऊ नको."

रेश्मा रडायला लागली. शिवम्मानं सोजरबाईच्या पुढं पाण्याचा तांब्या ठेवला. तिनं तो उचलला नाही. ती भिंतीला टेकून बसली आणि रेश्मा फोनवर हळू आवाजात एकेक वाक्य पलीकडं सांगत होती, ते ऐकत राहिली.