तिसऱ्या खिडकीखालचा चुना

"डावीकडून तिसरी खिडकी," कप्तान म्हणाला, आणि तोफांकडे ढुंकूनही न बघता तटाच्या खोल्यांकडे निघाला.

मुलगी कपाळाला हात लावून मागून आली. "अहो बाबा, लोक इथे तोफा बघायला येतात. एवढं जुनं बंदर राखलं या किल्ल्यानं, आणि तुम्ही खिडक्या मोजताय?"

कप्तान हे नाव लोकांनी थट्टेनं ठेवलेलं. त्याची लाँच जेमतेम चाळीस माणसांची, आणि प्रवास वीस मिनिटांचा. शहराच्या धक्क्यावरून किल्ल्याच्या धक्क्यावर, आणि परत. एकतीस वर्षं त्यानं माणसं आणून सोडली, पण स्वतः कधी दरवाजाच्या आत पाऊल टाकलं नाही. लाँच सोडून जाणार कुठे? गेल्या आठवड्यात पूल सुरू झाला, लाँच बंद झाली, आणि आज तो बसनं, तिकीट काढून, पाहुण्यासारखा आला होता. बसमध्ये सगळा वेळ तोंड फुगवूनच बसला होता.

किल्ल्याच्या समुद्राकडच्या भिंतीवर, एका खिडकीखाली, चुन्याचा पांढरा चौकोन होता. तो चौकोन आणि वरचा झेंड्याचा खांब एका रेषेत आले की लाँचखाली खडक नाही, हे त्याचं सगळं शास्त्र. धुक्यातून चौकोन दिसला की त्याचा जीव भांड्यात पडायचा. दरवर्षी कुणीतरी तो नव्यानं रंगवायचं. कोण, ते त्याला कधी कळलं नाही. दारावरच्या तिकीटवाल्यानंही नुसते खांदे उडवले. त्या माणसाला एकदा भेटायचं, एवढ्यासाठी कप्तान आला होता.

तिसऱ्या खिडकीत कबुतरांची घाण निघाली. वाकून पाहिलं तर खाली नुसता काळा दगड. कप्तानाचा चेहरा उतरला.

"पुसला वाटतं कुणी," तो म्हणाला.

मुलगी हसायला लागली. "बाबा, तुम्ही समुद्रावरून मोजताय. आतून डावं ते उजवं होणार ना?"

समुद्रावरून अख्खा किल्ला तोंडपाठ असलेला माणूस चांगलाच खजील झाला. "तेच म्हणतोय मी," असं पुटपुटत तो उलटा फिरला.

दुसऱ्या टोकाच्या खोलीत किल्ल्याची झाडूवाली काम करत होती. पन्नाशी उलटलेली, पदर खोचलेली. कोपऱ्यात झाकलेली बादली होती, आणि लांब काठीला बांधलेला कुंचला. तो कुंचला बघून कप्तान ठरवून आणलेलं सगळं बोलणं विसरला.

"खालचा चौकोन... तुम्ही रंगवता?"

बाई दचकली. "का हो, साहेबांनी पाठवलं का? बंद करायचं असेल तर तसं सांगा. सासूबाई करायच्या, त्या गेल्यावर मी करते. कागदावर कुठे नाही ते. वर्षातून एकदा चुना लाव, चुकवू नकोस, एवढं सांगून गेल्या. कशासाठी, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं."

"कधी चुकवलंत?"

"एकदाच. तापानं पडले होते, दोन महिने राहून गेलं. तर समोर एक लाँच येऊन असा भोंगा वाजवायला लागली, की दुसऱ्या दिवशी तशीच उठून बादली घेतली. वाटलं, कुणीतरी रागावतंय."

"मीच तो," कप्तान म्हणाला. "रागावलो नव्हतो ताई. घाबरलो होतो. लाँच भरलेली, आणि चौकोन काही दिसेना."

बाईनं झाडू भिंतीला टेकवला. "म्हणजे त्यानंतर रोज सकाळी एकदा वाजायचा, तोही तुमचाच?"

"दिसला, एवढं सांगायला."

"अगं बाई! मी त्यावर चहा टाकायची. आठ दिवस झाले, आवाज नाही. म्हटलं, माणूस आजारी पडलं की काय."

"पूल झाला. लाँच बंद."

बाई बादलीकडे बघत राहिली. "कालच चुना भिजवला होता मी," ती म्हणाली. मग खिडकीकडे वळून, "खरंच दिसायचा का हो तिथून? मी या मागच्या वस्तीतली, समुद्रावर कधी गेले नाही. वरून वाकून लावते, मला नुसती वरची कड दिसते."

"पार शहराच्या धक्क्यावरून दिसायचा. एकतीस वर्षांत एकही माणूस बुडालं नाही, ते तुमच्या घराच्या जिवावर." मुलीसमोर असं तो पहिल्यांदाच बोलला.

बाईनं बादलीवरचं झाकण काढलं. "भिजवलाय तर लावूनच टाकते."

ती खिडकीतून वाकली. कप्तान बादली धरून उभा राहिला आणि समोर काही दिसत नसताना सांगू लागला, "उजवा कोपरा नेहमी राहतो तुमचा. उजवा म्हणजे... तुमचा डावा. हां. अजून थोडं खाली."

परतताना पूल संपताच तो बसमधून उतरला. मुलगीही मुकाट उतरली. थांब्यावरून बंदराचं तोंड आणि पलीकडची किल्ल्याची भिंत स्वच्छ दिसत होती.

"काहीच नाहीये तिथं, बाबा."

"ओला चुना दिसत नाही. वाळला की उमटतो."

एक बस आली, गेली. दुसरीही गेली. तिसरी येऊन उभी राहिली तेव्हा भिंतीवर पांढरं दिसू लागलं होतं. कप्तानाचा हात सवयीनं भोंग्याच्या दोरीसाठी वर गेला. तिथं काही नव्हतं, म्हणून तो हात त्यानं डोळ्यांवर धरला आणि बघत राहिला.