कॅमेऱ्यात बघणारा माणूस

“आमचं मालक कवा येत्यात?” सुंदरम्मानं तिसऱ्यांदा विचारलं.

“बघा की, चाललंय अजून,” वेणीमाधव पुटपुटला.

मैंदर्गीच्या शाळेतला वर्ग खिडक्या मिटून भरदुपारी अंधारा केला होता. भिंतीवर वेणीमाधवचा माहितीपट चालू होता. गावानं आपली जुनी बारव दोन उन्हाळे खपून गाळातून वर काढली, त्याची गोष्ट. सुंदरम्माचा नवरा येडू दोन्ही उन्हाळे घमेली वाहत होता आणि गेल्या श्रावणात गेला. घरात त्याचा फोटो एकच, आधार कार्डावरचा. “त्यात चोरावानी दिसत्यात,” असं सुंदरम्मा म्हणायची. म्हणून आज ती इरकल नेसून, माहेरची अकरा माणसं टेंपोत घालून, पहिल्या ओळीत बसली होती.

वेणीमाधवला घाम फुटला होता. येडू माहितीपटात कुठंच नव्हता, आणि हे त्याच्याशिवाय फक्त कॅमेरा धरणाऱ्या हाशमला ठाऊक होतं.

वीस वर्षांत वेणीमाधवनं पाण्यावर सात, मातीवर चार आणि कचऱ्यावर तीन माहितीपट काढले होते. त्यात ‘शाश्वत’ हा शब्द इतक्यांदा येई, की जुळे सोलापुरातल्या घरी बायको शकुंतला म्हणायची, “शाश्वत असेल तर तुमची ती झोळी. लग्नाआधीपासून तीच आहे.”

माहितीपट संपला. टाळ्या पडल्या. सुंदरम्माचे हात मांडीवरच राहिले.

“झालं?”

“झालं.”

“सरपंच दोनदा दिसला. लक्षीची म्हस दिसली, रवंथ करताना. आमचं मालक तेवढं न्हाईत.”

“अक्का, घाईत गेले असतील गं,” बहीण म्हणाली.

“त्ये आनि घाईत? जल्मात न्हाई!”

‘तांत्रिक अडचण’ हे शब्द वेणीमाधवच्या ओठांवर आले होते. पण समोरच्या इरकलीवर घडीच्या रेषा अजून तशाच होत्या. ते शब्द त्यानं गिळले.

“कापलं, सुंदरम्मा. मीच कापलं. ते सारखे कॅमेऱ्यात बघायचे.”

“मग कुटं बघायचं? तुमी सोलापुरावनं यून उनात उबं ऱ्हानार, आन् त्येंनी पावन्याला पाठ दावायची?”

“व्हय की!” अख्खा वर्ग म्हणाला.

“सर,” हाशम हळूच म्हणाला, “कापलेलं समदं हाय की लॅपटॉपात. लावू?”

वेणीमाधव ‘नको’ म्हणणार होता. त्या तुकड्यांत त्याचा स्वतःचा आवाज होता, आणि तो काही समाजपरिवर्तन करणाऱ्या माणसाचा नव्हता. पण त्यानं मान हलवली.

भिंतीवर येडू आला. डोक्यावर घमेलं, पाय चिखलात. कॅमेऱ्यासमोर येताच त्यानं घमेलं खाली ठेवलं, तोंड पुसलं आणि समोर बघून म्हणाला, “राम राम.”

“येडूमामा, कॅमेरा नाहीच असं समजा,” वेणीमाधवचा आवाज.

“एवढा थोरला हाय, न्हाई कसा समजू?”

वर्गात हशा फुटला. दुसऱ्यांदा, “राम राम.” चौथ्यांदा येडूनं हाशमसाठी पाण्याचा तांब्या आणला. सहाव्यांदा वेणीमाधवचा आवाज चिरकला, “या माणसाला कुणीतरी घरी न्या रे!” माहेरची अकरा माणसं एकमेकांच्या अंगावर पडून हसली. वेणीमाधव अंधारात कानापर्यंत लाल झाला.

नवव्यांदा येडू काहीच बोलला नाही. नुसता समोर बघून हसला, वळचणीला बसलेल्या माणसानं पाऊस थांबल्यावर हसावं तसा.

“हितंच थांबवा,” सुंदरम्मा म्हणाली.

हाशमनं थांबवलं. सुंदरम्मानं डोक्यावरनं पदर ओढला आणि खाली बघितलं. एवढ्या पाहुण्यांदेखत नवऱ्याच्या डोळ्याला डोळा तिनं कधी दिला नव्हता. मग हळूहळू तिनं मान वर केली.

माणसं चहाला बाहेर गेली. हाशम एकेक खिडकी उघडत चालला, तसा भिंतीवरचा येडू फिकट होत गेला. शेवटच्या खिडकीशी वेणीमाधवनं हाशमचा हात धरला.

“राहू दे जरा.”