शेवग्याच्या दोन सावल्या

मी शेवग्याचा निळा कागद बोलतोय. सध्या मुक्काम कळव्याला, तिसऱ्या मजल्यावर, समृद्धीच्या हॉलमधल्या एकुलत्या एक फ्रेममध्ये. ही जागा मला सुखासुखी मिळालेली नाही. तीन वर्षं मी तिच्यासाठी जळत होतो.

माझा जन्म गच्चीवरचा. समृद्धी शाळेत विज्ञान शिकवते. एका सुट्टीत तिने दोन क्षार पाण्यात कालवले आणि अंधाऱ्या बाथरूममध्ये ब्रशने दोन कागदांवर फासले. एक मी. दुसऱ्याला मी बाईसाहेब म्हणतो, का ते कळेलच. सकाळी माझ्यावर शेवग्याची डहाळी ठेवली, बाईसाहेबांवर कृष्णकमळाचा वेल. वर काचा दाबून आम्हाला उन्हात मांडलं. ऊन लागतं तिथे आम्ही निळे होतो आणि पानाखाली पांढरे राहतो, एवढंच आमचं कौतुक. पंधरा मिनिटं कुणी हात लावायचा नाही असं सासऱ्यांना बजावून ती पाण्याची बादली आणायला खाली गेली.

सासरे म्हणजे गोपीनाथ, घरातले आबा. तरुणपणी मिठागरात राबलेले आणि दर उन्हाळ्यात सुकट वाळवणारे. उन्हात घातलेली वस्तू मध्येच एकदा उलटायची, हे त्यांच्या हाताला लागलेलं वळण. शेवगाही त्यांचाच. बिल्डिंग उभी राहिली तेव्हा मागच्या बागेत कुंपणाच्या भिंतीलगत त्यांनीच फांदी रोवली होती. निम्मा वेळ झाला नसेल, तोच त्यांनी माझी काच उचलली, डहाळी उलटी केली आणि काच नीट परत ठेवली. बाईसाहेबांकडे वळणार, एवढ्यात समृद्धी आली.

“एकाच अंगानं कसं सुकंल? म्हणून उलटलं,” आबा म्हणाले.

“आबा, सुकट नाहीये ती. गेला ना हा कागद.”

पाण्यात धुतल्यावर बाईसाहेब गडद निळ्या निघाल्या. वेलाचा तंतू न् तंतू पांढराशुभ्र. माझ्यात मात्र एकाच डहाळीच्या दोन सावल्या, दोन्ही फिक्या, एकमेकींवर चढलेल्या. बाईसाहेब फ्रेममध्ये गेल्या. मी त्याच हॉलमधल्या कपाटात, एका फायलीत, विजेच्या जुन्या बिलांखाली.

कपाटातून सगळं ऐकू यायचं. पाहुणे आले की आधी चहा आणि मग बाईसाहेबांची स्तुती. “हे तू घरी केलंस?” असं कुणी विचारलं की समृद्धी पहिल्यापासून सगळं सांगायची, पण त्या दिवशी दोन कागद होते हे कधीच सांगायची नाही. माझा तिळपापड व्हायचा. चूक आबांची आणि शिक्षा मला. एकदा भिंतीवर खिळा ठोकताना फ्रेम खाली पडली असं ऐकलं आणि मला फार बरं वाटलं. काच फुटली नाही हे कळल्यावर ते बरं वाटणंही गेलं.

मग गेल्या हिवाळ्यात सोसायटीने गाड्यांसाठी मागची बाग काढून फरशा घालायचं ठरवलं. समृद्धीचा नवरा मयूर मीटिंगला गेला आणि सही करून आला. शेवगा ठिसूळ, फांद्या गाड्यांवर पडतात, असं सगळ्यांचंच म्हणणं होतं. अर्ध्या तासात झाड आडवं झालं. आबा त्या दिवशी जेवले नाहीत. मयूरशी ते आठवडाभर बोलले नाहीत आणि तोही त्यांच्या समोर बसायचं टाळत होता.

एका सकाळी त्यांनी सुनेला विचारलं, “माझ्या हातनं बिघडलेला तो कागद टाकलास काय गं?”

समृद्धीने फाईल काढली. मला तिने फ्रेमशेजारी धरून पाहिलं. कपाटातल्या अंधाराने मी होतो तसाच राहिलो होतो आणि बाल्कनीच्या उन्हाने भिंतीवरच्या बाईसाहेब पार विटल्या होत्या. तिने त्यांना फ्रेममधून काढलं, मला घातलं. मयूरने खिळा आबांच्या खुर्चीसमोर ठोकला, तिथून नीट दिसतो का म्हणून दोनदा विचारलं. त्या दिवशी बापलेक पुन्हा बोलले.

आता आबा रोज माझ्यासमोर चहा पितात. काचेवर बोट ठेवून म्हणतात, “ही आधीची. ही मी उलटलेली.” तेवढा वेळ मी सुखात असतो. मग लक्षात येतं, ते मला बघतच नाहीत. बघतात ते शेवग्याला. तोडलेल्या झाडाचाही मला हेवा वाटावा, असा माझा स्वभाव.

त्यात दुपारचं ऊन आता माझ्यावर येतं. मी विटू लागलोय. आणि समृद्धीनेच काल सांगितलं, अंधारात ठेवला की या कागदांचा निळा रंग परत येतो. म्हणजे बाईसाहेब माझ्याच फायलीत, माझ्याच बिलांखाली, रोज थोड्या थोड्या सुंदर होतायत.

समृद्धी, एक मागणं आहे. मी पुसट झालो तर आबांचा शेवगा दुसऱ्यांदा जाईल. म्हणून मला चार महिने कपाटात ठेव. ही भिंत मी आपण होऊन सोडतोय, हे माझ्यासारख्याला किती जड जातंय ते तुला कळणार नाही. फक्त माझ्या जागी तिला लावू नकोस. आबांना सांग, तेवढे दिवस रिकाम्या खिळ्याकडे बघून चहा प्या.