एक थेंबही न शिरलेला डबा

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. पिठामिठाचा नव्हे, पाण्याखाली लागणाऱ्या दिव्याची बॅटरी सांभाळण्यासाठी मला घरीच बनवले होते. माझ्या अंगावर काठापासून तळापर्यंत तडा गेला आहे. तरीही आत बॅटरी बसली तेव्हापासून तडा जाईपर्यंत माझ्यात पाण्याचा एक थेंबही शिरला नाही. एकेकाळी मला याचा फार अभिमान वाटे.

मला घडवणारी मुलगी पंप दुरुस्त करायची. घरात तिला सगळे बारकी म्हणत. तिचा दादा पाणबुड्या होता. जलाशयाच्या तळाशी जाऊन तो पाण्याच्या वाटेवरच्या जाळ्यांतला गाळ आणि शेवाळ काढायचा. तिथे स्वतःचा तळहातही दिसत नाही. एकदा दिव्यात पाणी शिरले आणि तो भिंत चाचपडत वर आला.

"जगाचे पंप नीट करतेस," आई बारकीला म्हणाली, "भावाला एक धड दिवा देता येत नाही होय?"

बारकीने जाड पाइपचा हातभर तुकडा घेतला. खाली भक्कम बूड बसवले. लेथवर नायलॉनचे झाकण कातून त्यावर दोन खाचा पाडल्या आणि प्रत्येक खाचेत एक रबरी कडी बसवली. एक चुकली तर दुसरी असावी म्हणून. झाकण धरायला दोन बाजूंना दोन खिट्ट्या लावल्या. खोल गेल्यावर पाण्याचा दाबच झाकण घट्ट दाबून धरतो, म्हणून दोन पुरेशा होत्या.

मग परीक्षा झाली. माझ्या आत शाईची रेघ ओढलेला कोरा कागद ठेवून, दगड बांधून मला तळाशी सोडले. वर काढले तेव्हा ओलाव्याने रेघ फुटली होती. बारकीने भिंग घेऊन रबरी कड्या पाहिल्या. दोन्हींवर आडवा पडलेला एक केस सापडला.

"लांब आहे, तुझाच," दादा आपल्या टकलावरून हात फिरवत म्हणाला. "माझ्यावर आळ घ्यायची सोयच नाही."

दादा हसला, पण त्या केसाने बारकीच्या मनात घर केले. झाकण जितक्या वेळा उघडेल तितक्या वेळा केस शिरायची भीती. म्हणून तिने मला न उघडता बाहेरूनच चार्ज करायची सोय केली आणि दोनाच्या चार पोलादी खिट्ट्या केल्या.

"डबा आहे की तिजोरी?" दादाने विचारले.

"तिजोरीच. आत तुझा जीव आहे."

पुढची कितीतरी वर्षे मी दादाच्या कमरेला बांधलेला असे. गढूळ पाण्यात दिवा लागला की त्याचा श्वास संथ होई, हे मला जाणवे. दुसरे पाणबुडे मला हातात घेऊन निरखत आणि बारकीला शाबासकी देत.

पण मित्रांनो, चार्ज होताना बॅटरीतून थोडा वायू सुटतो. बॅटरी जुनी झाली की जास्तच. हा वायू ठिणगीने पेटतो. बारकीने पाण्याला आत यायची वाट ठेवली नव्हती, आणि आतल्या वायूलाही बाहेर जायची नव्हती. एका सकाळी दादाने अंगणात दिवा तपासायला बटण दाबले. माझ्या आत एक तार सैल झाली होती.

झाकण खिट्ट्यांसकट उडाले. दादाचा डावा कान कायमचा बहिरा झाला. "आता पाण्यात उतरायचं नाही," डॉक्टर म्हणाले.

बारकीने लेथवर कापड टाकले. मी फळीवर पडलो. कोणी माझ्यात गंजके स्क्रू टाकले, कोणी तुटके वॉशर. अखेर एक दिवस दादाच मला घेऊन तिच्यासमोर बसला.

"माझ्या जागी नवा माणूस उतरतोय. त्याला डबा करून दे."

"परत चूक झाली तर?"

"कुठे चुकलं ते तुला कळलंय. ज्याला कळलेलंच नाही, त्याच्याकडून करून घेऊ का?"

ती बराच वेळ माझ्या तड्यावरून बोट फिरवत राहिली. मग उठून तिने कापड काढले.

नव्या डब्याला दोनच खिट्ट्या आहेत, त्याही स्प्रिंगच्या. आतून दाब आला तर झाकण अलगद उचलले जाते. चार्जिंगची जागा झाकणाखाली आहे, त्यामुळे झाकण काढल्याशिवाय चार्ज करताच येत नाही. कागदाची परीक्षा झाल्यावर तिने दिव्याकडे जाणाऱ्या तारेच्या भोकातून सायकलच्या पंपाने आत हवा भरली. दादाने उजवा कान जवळ नेला.

"फुस्स झालं," तो म्हणाला. "बारके, मला ऐकू आलं."

तिने मान खाली घातली आणि झाकण पुन्हा पुसायला घेतले.

मित्रांनो, तुमच्या माणसांसाठी काही बनवाल तेव्हा बाहेरचे पाणी जरूर अडवा. पण आत काय साठते आहे तेही पाहा, आणि त्याला वाट ठेवा. वापरून झाल्यावर झाकण काढा, रबरी कड्या पुसा, केस शोधा. उघडायला घाबरू नका. मला कोणी वेळेवर उघडले असते, तर दादा अजूनही पाण्यात उतरत असता.